तेच ते की नवे काही? प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीताविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न वाचकांनी वेळोवेळी पाठवलेल्या प्रश्नांतून निवडले आहेत. शब्द वेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच शंका आहे: स्वतःला प्रायोगिक म्हणवणारे हे संगीतकार खरोखर प्रयोग करीत राहतात, की एकदा सापडलेली वाट आयुष्यभर तुडवतात? एकच मुद्दा दोन प्रश्नांत येत असेल तेथे उत्तर एका ठिकाणी देऊन दुसरीकडे केवळ क्रमांक दिला आहे.

१. प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे नेमके काय? वरातीत डीजे वाजवतो तेच का?

वरातीतल्या डीजेच्या टेबलावरची यंत्रे आणि या कलाकारांची यंत्रे पुष्कळदा एकाच कुळातली असतात. फरक हेतूचा असतो. डीजेला लोकांच्या ओळखीचे गाणे हवे असते, तर येथे आवाज घडवणे हाच रचनेचा भाग मानला जातो. सुरुवात सामान्यतः १९४८ सालापासून धरतात. त्या वर्षी पॅरिसमध्ये फ्रेंच नभोवाणीतील अभियंते पिएर शेफर यांनी रेल्वेगाड्यांच्या मुद्रित आवाजांतून केलेली रचना प्रसारित केली. टेप तेव्हा त्यांच्या हाती आलेली नव्हती. तबकडीची खाच स्वतःलाच येऊन मिळेल अशी बंद करून ते एकच तुकडा गोल फिरवत ठेवीत. या संगीताचे पहिले साधनच पुनरावृत्तीचे होते, ही गोष्ट पुढची उत्तरे वाचताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९५१ साली जर्मनीतील कलोनच्या नभोवाणी केंद्रात हर्बर्ट आयमर्ट यांच्या पुढाकाराने दुसरा स्टुडिओ उभा राहिला. तेथे सुरुवातीला बाहेरचा आवाज न घेता विद्युत् यंत्रांतून निघणारे शुद्ध स्वर एकावर एक रचून काम चाले, आणि संगीतकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांच्या आरंभीच्या इलेक्ट्रॉनिक रचना तेथेच झाल्या. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये नाचाच्या संगीतातून निघालेली, पण घरी बसून ऐकण्यासाठी रचलेली आणखी एक शाखा यात येऊन मिळाली. आजचा वाद बहुधा याच शाखेवरून होतो.

२. लांबण न लावता सांगा, हे लोक नवे करतात की तेच ते?

बहुतेक जण पहिल्या आठ-दहा वर्षांत स्वतःची एक रीत शोधतात आणि पुढे तिच्यातच राहतात. त्यांना त्याबद्दल दोष द्यावा असे मला वाटत नाही, पण ते सतत नवे काही घडवतात हा दावाही टिकत नाही. मोजके कलाकार हाती आलेली पद्धत स्वतःच मोडतात (प्रश्न ७ आणि ९), तर त्याहून मोजके एकाच जागी जाणूनबुजून थांबून तेथेच खोल उतरतात. खरी अडचण 'प्रायोगिक' या विशेषणाची आहे. ते एकदा चिकटले की निघत नाही. प्रयोग संपून वीस वर्षे झाली तरी दुकानदार आणि समीक्षक त्या कलाकाराला त्याच कप्प्यात ठेवतात.

३. 'नवे' कशाला म्हणायचे? पूर्वी न ऐकलेला आवाज आला म्हणजे झाले का?

तेवढ्याने होत नाही, कारण न ऐकलेला आवाज कित्येकदा कलाकाराचा नसून यंत्र बनवणाऱ्याचा असतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ साली असे आढळले की एका स्वराची कंपनसंख्या दुसऱ्या स्वराने फार वेगाने हलवली की घंटा, धातू, पितळी वाद्ये यांच्याशी नाते सांगणारे नाद मिळतात. ही पद्धत वापरण्याचा परवाना यामाहा कंपनीने घेतला आणि १९८३ साली डीएक्स-७ या सिंथेसायझरमधून (विजेवर नाद घडवणाऱ्या वाद्यातून) ती घरोघरी पोहोचवली. त्याची जुळवणी अवघड असल्यामुळे बहुसंख्य वादकांनी कारखान्यातून भरून आलेले आवाजच जसेच्या तसे वापरले, आणि त्या दशकातील असंख्य गाण्यांत एकच विजेचा पियानो ऐकू येऊ लागला. येथे शोध चाउनिंग यांचा होता. पुढच्या वादकांनी केली ती खरेदी.

म्हणून मी स्वतः नावीन्य तपासताना आवाजाआधी कामाची पद्धत पाहतो. आवाज कसा निवडला, काय वर्ज्य मानले, कोणता निर्णय यंत्रावर सोडला आणि कोणता स्वतःकडे ठेवला, या गोष्टी बदलल्या असतील तर आवाज ओळखीचा असूनही काम नवे असू शकते. उलट दर दोन वर्षांनी नवी यंत्रे घेऊन जुनेच निर्णय घेणारे कलाकार पुष्कळ आहेत.

४. पण नवे यंत्र आल्याशिवाय नवे संगीत येते तरी कुठून?

यंत्र लागतेच, मात्र ते नवेच असावे लागत नाही. रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे छोटे यंत्र १९८० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आले ते एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून. त्याचा आवाज खऱ्या बेससारखा मुळीच नव्हता, त्यात सुरावट भरणे किचकट होते, आणि १९८४ पर्यंत कंपनीने ते बनवणे थांबवले. नंतर शिकागोतील काही तरुणांच्या हाती ते जुन्या बाजारातून आले. त्यांनी सुरावट तशीच चालू ठेवून नादाचा उजळपणा आणि धार बदलणाऱ्या खुंट्या सतत फिरवत ठेवल्या, आणि १९८७ साली फ्यूचर या गटाच्या ध्वनिमुद्रिकेतून ॲसिड हाउस ही नाचाच्या संगीताची शैली जगापुढे आली. यंत्र टाकून दिलेले होते. नवी होती ती खुंटी फिरवण्याची कल्पना. हीच कल्पना पुढे इतकी गिरवली गेली की आज ती ओळखायला दोन सेकंद पुरतात.

५. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी ॲसिड हाउस आधीच शोधले होते, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षे वाजवणारे मुंबईचे वादक. टीबी-३०३, त्याच कंपनीचे टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन त्यांनी १९८२ साली भैरवी, ललित, तोडी, मालकंस अशा दहा रागांच्या सुरावटी डिस्कोच्या ठेक्यावर मुद्रित केल्या. ध्वनिमुद्रिका एचएमव्हीने काढली आणि ती फारशी खपली नाही. एडो बाउमन या डच संग्राहकामुळे ती २०१० साली पुन्हा निघाली, आणि शिकागोच्या पाच वर्षे आधी हे वाजले होते हे कळल्यावर युरोपात खळबळ उडाली. त्यानंतर सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांनी तेथे जाऊन कार्यक्रमही केले. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

आवाजाचे साम्य कानाला स्पष्ट पटते. या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, आणि मींड कानात मुरलेल्या वादकाला ती मोलाची वाटली असणार हे ऐकताना जाणवते. परंतु शिकागोच्या मुलांनी ही ध्वनिमुद्रिका ऐकलेली नव्हती, आणि सिंग यांनाही नवी शैली काढायची नव्हती. रागसंगीत नव्या यंत्रांवर वाजवून पाहायचे होते. दोन ठिकाणी एकाच यंत्राने एकाच दिशेला नेले, इतकेच यातून म्हणता येते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही: दहाही रागांखालचा ठेका जवळजवळ एकच आहे. एका ध्वनिमुद्रिकेत शोध आणि पुनरावृत्ती अशी शेजारी बसू शकतात.

६. या संगीतात एकच तुकडा दहा मिनिटे चालतो. मग पुनरावृत्तीची वेगळी तक्रार कशासाठी?

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. एका रचनेच्या आत तुकडा फिरत राहणे हे तंत्र आहे. एका रचनेतून दुसऱ्या रचनेत तेच निर्णय येत राहणे ही सवय आहे. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९६५ साली एका धर्मोपदेशकाच्या बोलण्याचा तुकडा दोन टेपांवर एकाच वेळी चालवला आणि त्या हळूहळू एकमेकींपासून सुटत जाऊ दिल्या, तेव्हा पुनरावृत्तीखेरीज त्यात काहीच नव्हते, आणि तरी तसे पूर्वी फारसे कोणी ऐकले नव्हते.

या गल्लतीवरून झालेली एक चकमक अजून सांगितली जाते. १९९५ साली 'द वायर' या ब्रिटिश नियतकालिकात श्टॉकहाउझेन यांची काही तरुण इलेक्ट्रॉनिक संगीतकारांविषयीची मते छापून आली. त्यांच्या ध्वनिफिती ज्येष्ठ संगीतकाराला मुद्दाम ऐकवण्यात आल्या होत्या. ॲफेक्स ट्विन या नावाने काम करणाऱ्या रिचर्ड जेम्स यांना त्यांनी सल्ला दिला, तो साधारण असा: माझी १९५६ सालची मुलाच्या आवाजावरची रचना ऐका, म्हणजे तेच ते फिरवत राहणे थांबेल आणि लय बदलती ठेवाल. जेम्स यांनी उलट सुचवले की वडीलधाऱ्यांनीच माझी एखादी रचना ऐकावी, म्हणजे नाचता न येणारे विस्कळीत आकृतिबंध बंद होतील. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. श्टॉकहाउझेन यांनी मात्र तुकड्याची पुनरावृत्ती पाहून विचारांची पुनरावृत्ती गृहीत धरली, असे माझे मत आहे.

याआधीच्या वर्षी ब्रिटिश संसदेपुढे असलेल्या फौजदारी न्यायविषयक विधेयकात उघड्यावरच्या नाचगाण्याच्या जमावांना आळा घालण्यासाठी संगीताची व्याख्या करताना 'पुनरावृत्त ठोक्यांची मालिका' अशा अर्थाचे शब्द घातले होते. याला उत्तर म्हणून ऑटेकर या जोडीने त्याच वर्षी, म्हणजे १९९४ मध्ये, एक ध्वनिमुद्रिका काढली, जिच्यातील एका रचनेत कोणत्याही दोन आवर्तनांतील ठोके सारखे नव्हते. तसे वेष्टनावर लिहून, वाजवताना वकील आणि संगीतशास्त्रज्ञ सोबत ठेवावेत असा सल्लाही छापला होता. ती रचना ऐकताना गंमत अशी, की न शिकवलेल्या कानाला ती सरळ पुनरावृत्तीचीच वाटते.

७. ऑटेकर यांचे अलीकडचे सगळे मला सारखेच वाटते. ते अजून पुढे जात आहेत का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर काळाचे तुकडे पाडूनच देता येते. इंग्लंडमधील रॉचडेलचे शॉन बूथ आणि रॉब ब्राउन यांचा पहिला अल्बम १९९३ सालचा. त्यात आणि पुढच्या दोनांत ठेका स्पष्ट आहे, सुरावट थंड पण गुणगुणण्याजोगी आहे. १९९७-९८ पासून ठेका मोडू लागतो. २००१ सालच्या 'कन्फील्ड'मध्ये मोठी उडी आहे: येथे त्यांनी मॅक्स या प्रोग्रॅमिंगच्या साधनात नियम लिहून ठोके कुठे पडतील याचा बराच भाग त्या नियमांवर सोपवला, आणि अनेक जुने श्रोते तेथेच गळाले. प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या कसोटीवर हा बदल खरा उतरतो, कारण येथे निर्णय कोणी घ्यायचा हेच बदलले.

पुढची गोष्ट वेगळी आहे. २०१० नंतर ही जोडी स्वतः बांधलेल्या एकाच मोठ्या प्रणालीवर काम करीत आहे आणि ती प्रणाली सतत वाढवीत आहे. २०१६ साली पाच भागांचा संच आला, २०१८ साली लंडनच्या एका इंटरनेट रेडिओसाठी केलेले आठ तासांचे संगीत आले. त्या आठ तासांत मधल्या काही जागा अशा आहेत की त्यांच्यासाठी उरलेले सोसावे. पण उरलेल्यापैकी बरेचसे ही प्रणाली काय करू शकते याचे प्रात्यक्षिक आहे. २०२० साली त्यांनी 'साइन' हा तासाभराचा, सुरेल आणि जवळजवळ विनम्र अल्बम काढला, आणि ज्यांनी त्यांना केव्हाच सोडले होते अशा श्रोत्यांपैकी काही परतले. तो नवा होता का? पद्धत तीच होती, निवड कडक होती. माझ्या मते त्यांना नव्या आवाजापेक्षा कात्रीची गरज अधिक होती, आणि ती त्यांनी त्या वर्षी वापरली.

८. ॲफेक्स ट्विन तेरा वर्षांनी परतले ते जुनेच संगीत घेऊन, हे निराशाजनक नाही का?

२००१ सालच्या अल्बमनंतर २०१४ साली 'सायरो' आला. त्यात नवी पद्धत नव्हती हे मान्य करावे लागते; स्वतःच घडवलेली भाषा अत्यंत सफाईने बोलून दाखवली होती, आणि मला ती आवडली. पुढच्या वर्षी इंटरनेटवरच्या एका निनावी भासणाऱ्या खात्यावरून त्यांनी शंभराहून अधिक जुन्या अप्रकाशित रचना मोफत खुल्या केल्या, आणि त्यातून कळले की प्रकाशित कामातली झेप वाटत होती तितकी अचानक नव्हती. श्रोत्याला उड्या दिसतात, कारण मधल्या पायऱ्या कपाटात राहिलेल्या असतात.

९. काहीच घडत नाही असे संगीत करणारे लोकही प्रयोगशीलच का मानले जातात?

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात फ्रान्सच्या एलियान रादिग असतात, म्हणून त्यांच्याविषयीच लिहितो. १९३२ साली जन्मलेल्या रादिग यांनी आधी शेफर आणि त्यांचे सहकारी पिएर आंरी यांच्याकडे टेपचे काम शिकले. १९७० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये सिंथेसायझरशी ओळख झाल्यावर त्यांनी एआरपी-२५०० हे यंत्र निवडले, आणि ते घरी आणताना त्याचा कीबोर्ड मागे ठेवला, जेणेकरून बोटांना ओळखीची सुरावट वाजवण्याचा मोह होऊ नये. पुढची सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी या एकाच यंत्रावर काम केले. दीर्घ, संथ, जवळजवळ स्थिर नाद. बदल इतका सावकाश की तो होताना कळत नाही, झाल्यावर कळतो. मधल्या काळात तिबेटी बौद्ध साधनेसाठी त्यांनी संगीत काही वर्षे थांबवले आणि परतल्यावर पुन्हा तेच यंत्र उघडले. मृत्यू या विषयावरची तीन भागांची त्यांची मोठी रचना १९९३ मध्ये पूर्ण झाली.

वरवर पाहता एवढी पुनरावृत्ती क्वचितच कोणी केली असेल. परंतु २००० नंतर त्यांनी ते यंत्रच बाजूला ठेवले आणि सेलो, हार्प, बासरी वाजवणाऱ्या वादकांबरोबर काम सुरू केले. २००५ मध्ये चार्ल्स कर्टिस या सेलोवादकाबरोबरची रचना आली आणि २०११ पासून पाण्याच्या प्रतिमेवर आधारलेली एक लांब मालिका सुरू झाली. या रचनांची स्वरलिपी लिहिलेली नसते. रादिग वादकाला समोर बसवून तोंडी सांगत आणि वादक दुसऱ्याला तसेच देई. आपल्या वाचकांना या रीतीचे नवल वाटणार नाही. आवाज मात्र तोच राहिला, जो यंत्रातून काढायला त्यांना पाव शतक लागले होते. साधन, शिकवण्याची रीत आणि रचनेची मालकी हे सगळे बदलून नाद तोच ठेवणे, याला मी ऑटेकर यांच्या २००१ सालच्या उडीइतकेच मोठे धाडस मानतो.

१०. आपल्याकडे गवई आयुष्यभर तोच यमन गातो आणि त्याला कोणी तेच ते म्हणत नाही. मग यांनाच हा निकष का?

तुलना योग्य आहे आणि तिला इतिहासाचा आधारही आहे. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले, आणि अमेरिकन प्रायोगिक संगीतातील ला मॉन्ट यंग व टेरी रायली हे दोघेही त्यांचे शिष्य झाले. एक स्वर दीर्घकाळ धरून त्याच्या पोटातले स्वर ऐकण्याची यंग यांची ओढ जुनी होती; तंबोऱ्याने आणि किराण्याच्या संथ आलापीने तिला शिस्त दिली.

पण एक फरक महत्त्वाचा आहे. यमनचे व्याकरण गवयाचे एकट्याचे नसते. मैफलीला बसलेल्या जाणकाराला तीव्र मध्यम कुठे यायचा, कोणत्या स्वरावर थांबायचे हे आधीच ठाऊक असते, म्हणून गवयाने काल घेतली नव्हती ती जागा आज घेतली की तिला दाद मिळते. प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीतकार व्याकरणच नवे रचतो, त्यामुळे श्रोत्याला नियम कोणता आणि सूट कोणती हे कळायला वाव नसतो. दर अल्बमला सगळे बदलणारा कलाकार श्रोत्याला काही शिकूच देत नाही. तीन-चार अल्बम एकाच रीतीचे झाले तर तिसऱ्यात कान तयार होतो आणि चौथ्यातली बारीक सूट ऐकू येते. म्हणून काही काळाची पुनरावृत्ती या संगीताला आवश्यक आहे. ती किती काळ, हाच खरा वादाचा भाग आहे.

११. क्राफ्टवेर्क यांनी २००३ नंतर नवा अल्बमच काढला नाही. त्यांना आता काय म्हणावे?

आपल्याच कामाचे राखणदार म्हणावे. १९७४ ते १९८१ या सात वर्षांत जर्मनीतील ड्युसेलडोर्फच्या या गटाने जे पाच अल्बम केले, त्यांच्यावर १९८० च्या दशकातील निम्मे नाचाचे संगीत उभे आहे, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. १९९१ साली त्यांनी जुनीच गाणी नव्याने बांधून अल्बम काढला, २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आठ रात्री आठ अल्बम सादर केले, आणि २०१७ साली तेच आठ पुन्हा मुद्रित स्वरूपात दिले. १९७४ पूर्वीचे तीन अल्बम मात्र त्यांच्या अधिकृत यादीत धरले जात नाहीत, आणि माझा आक्षेप असलाच तर तेथे आहे. चाचपडण्याचा काळ झाकून ठेवला की पुढचे सगळे आकाशातून पडल्यासारखे दिसते. ते नवे करीत असल्याचा दावा करीत नाहीत, त्यामुळे पुनरावृत्तीचा ठपका त्यांच्यावर ठेवणे अन्यायाचे होईल.

१२. एखादा खरा शोध शैली बनून शिळा व्हायला किती वेळ लागतो?

ग्लिचचे, म्हणजे यंत्राच्या बिघाडातून काढलेल्या संगीताचे, उदाहरण घ्यावे. जपानी कलाकार यासुनाओ तोने यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात सीडीवर छिद्रे पाडलेल्या चिकटपट्ट्या लावून प्लेअरला मुद्दाम चुका करायला लावल्या. १९९४-९५ मध्ये जर्मनीतील ओव्हल या गटाने अडखळणाऱ्या सीडींचे तुकडे जोडून त्यांतून चक्क मनोहर संगीत काढले. २००० साली किम कॅस्कोन यांनी एका संगणकसंगीतविषयक नियतकालिकात बिघाडाच्या सौंदर्याची मीमांसा करणारा निबंध लिहिला, आणि तेव्हाच ही गोष्ट शाळेत शिकवण्याजोगी, म्हणजे जुनी झाली होती. लवकरच असा बिघाड एका बटणावर देणारे प्लगइन, म्हणजे संगणकावरच्या संगीताच्या साधनाला जोडायचे पूरक भाग, विकत मिळू लागले. ओव्हलच्या मार्कुस पॉप यांनी काही वर्षे मौन पाळून २०१० साली गिटार आणि ड्रमसारखे ऐकू येणारे छोटे तुकडे घेऊन पुनरागमन केले. बिघाडाचा संप्रदाय ज्यांनी सुरू केला, त्यांनीच तो सोडला. अनुयायी अजून त्यात आहेत.

१३. संगणक स्वतःच रचना करीत असेल, तर पुनरावृत्ती अशक्यच नाही का?

शब्दशः पुनरावृत्ती अशक्य होते, एवढेच. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ सालच्या विमानतळांसाठीच्या संगीतात वेगवेगळ्या लांबीच्या टेपा एकत्र फिरवल्या: एक स्वर सुमारे साडेतेवीस सेकंदांनी, दुसरा सुमारे सव्वीस सेकंदांनी, तिसरा सुमारे तीस सेकंदांनी परत येई, त्यामुळे त्यांची नेमकी तीच जुळणी पुन्हा व्हायला फार दीर्घ काळ लागतो. १९९६ मध्ये त्यांनी हेच तत्त्व संगणकाच्या कार्यक्रमात आणले. प्रत्येक वेळी वेगळे वाजणारे हे संगीत प्रत्येक वेळी तसेच वाटते, आणि ईनो यांना तेच हवे होते. नियम बदलल्याशिवाय शक्यतांचा साठा बदलत नाही, मग त्या साठ्यातून कितीही उपसा. शिकवलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींनाही हे लागू पडते. अमेरिकन संगीतकार हॉली हर्न्डन यांनी २०१९ सालच्या अल्बमसाठी बर्लिनमध्ये गायकांचा गट जमवून त्यांच्या आवाजावर स्वतःची प्रणाली शिकवली, आणि त्यातील सर्वांत ताजे भाग त्या गायकांच्या एकत्र गाण्याचे आहेत, यंत्राचे नाहीत.

१४. कोणी शेकडो अल्बम काढतो, कोणी दहा नावांनी काम करतो. हे नावीन्य की धूळफेक?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानचे मासामी आकिता, म्हणजे मर्झबाउ, यांच्या नावावर शेकडो ध्वनिमुद्रिका आहेत आणि २००० साली तर पन्नास सीडींची पेटीच निघाली. त्यांना एकेक कृती म्हणून तोलण्यात अर्थ नाही. तो रोजचा रियाज बाहेर ठेवलेला आहे, असे समजून ऐकावे. उवे श्मिट या जर्मन कलाकाराने मात्र चिलीत राहायला गेल्यावर सेन्योर कोकोनट या नावाने २००० साली क्राफ्टवेर्कची गाणी लॅटिन नृत्यसंगीताच्या धाटणीत, तेही बव्हंशी संगणकावर तुकडे जोडून केली. सगळे दुसऱ्याचे, सगळे आधी झालेले, आणि तरी त्या वर्षातले सर्वांत अनपेक्षित काम.

१५. भारतात असे काही घडले होते का, की आपण नुसतेच श्रोते?

घडले होते. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग या कंपनीचा सिंथेसायझर असलेला स्टुडिओ उभारला गेला. त्यामागे गीता साराभाई यांची प्रेरणा होती, ज्यांनी १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये प्रायोगिक संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. अतुल देसाई यांच्यासह काही जणांनी १९७२ पर्यंत तेथे काम केले. नंतर स्टुडिओ थांबला, टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या आणि ब्रिटिश कलाकार पॉल पर्गस यांच्या शोधामुळे २०२३ मध्ये संकलन म्हणून प्रसिद्ध झाल्या. ऐकताना प्रत्येक रचना पहिल्यांदाच यंत्राला हात लावल्यासारखी ताजी वाटते, आणि तेच दुःख आहे. कोणालाही दुसरी, तिसरी, दहावी रचना करून एखादी रीत घट्ट करायला वेळ मिळाला नाही, म्हणून पुढच्यांना मोडायला काही उरले नाही. प्रश्न १० मधील मुद्द्याची ही उलटी बाजू आहे.

१६. मला स्वतः ऐकून ठरवायचे आहे. सुरुवात कशी करावी?

एकाच कलाकाराच्या दोन ध्वनिमुद्रिका, मध्ये किमान सात-आठ वर्षांचे अंतर ठेवून, एकाच दिवशी ऐकाव्यात. ऑटेकर यांचे १९९३ आणि २००१ चे अल्बम, ओव्हलचे १९९४ आणि २०१० चे, रादिग यांची एखादी यंत्रावरची आणि एखादी वाद्यांवरची रचना, अशा जोड्या सोयीच्या पडतात. आधी आवाजातला फरक लिहून काढावा, मग तो बाजूला ठेवून निर्णय कोणते बदलले याचा विचार करावा. रादिग यांचे संगीत फोनच्या स्पीकरवर लावू नये. त्यातील खालचे नाद त्यावर उमटतच नाहीत, आणि मग खरोखरच काही घडत नाही असे वाटते.